हायरातलं 'मर्ज' म्हणजे विलीनीकरण का?

प्रश्न असा आहे की पपेट (सर्व्हरची सेटिंग्ज सांभाळणारं सॉफ्टवेअर) मधल्या हायरावर, म्हणजे ही सेटिंग्ज थरांथरांच्या फाइलींत ठेवणाऱ्या भागावर, मराठीत नोट्स लिहिताना हायरार्की (थरांची रचना), लूकअप (त्यातून व्हॅल्यू काढणं) आणि मर्ज (अनेक थरांतल्या व्हॅल्यू जुळवणं) यांना पदानुक्रम, शोध, विलीनीकरण म्हटलं तर चालेल का.

पदानुक्रम नको, वाचलं की साहेब आणि शिपाईच डोळ्यासमोर येतात. आपल्याकडे 'उतरंड' आहे की! मडक्यांच्या उतरंडीत मोठं मडकं तळाला आणि सगळ्यात लहान वर, इथेही तसंच, सगळ्या सर्व्हरना लागू होणारी कॉमन फाइल तळाला आणि एकाच नोडपुरती (म्हणजे एका सर्व्हरपुरती) फाइल सहसा सगळ्यात वर. 'शोध'ही जरा जड होतं, आपण शब्द कोशात 'बघतो', म्हणून लूकअपला सेटिंगचं नाव 'बघणं' पुरे.

खरी गडबड विलीनीकरणात आहे. विलीन झालं की वेगळं काही उरत नाही, पण इथे मर्जच्या पद्धतींतली मुळात डीफॉल्ट पद्धत 'फर्स्ट', म्हणजे वरून बघत यायचं आणि पहिली व्हॅल्यू सापडली की थांबायचं, त्यात काहीच मिसळत नाही. त्याला सरळ 'पहिलं सापडेल ते' म्हणा. 'युनिक'मध्ये सगळ्या थरांतल्या याद्या एकत्र करून दुबार नोंदी काढतात, तिथे 'एकत्र करणं' ठीक.

'हॅश' आणि 'डीप' या नाव-व्हॅल्यूच्या जोड्या जुळवणाऱ्या पद्धती मात्र एकाच शब्दात कोंबू नका. समजा कॉमन फाइलमध्ये डिप्लॉय नावाच्या युजरला यूआयडी (युजरचा क्रमांक) आणि बॅश हे शेल (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) दिलंय, नोडच्या फाइलमध्ये त्याच युजरला फक्त झेडशेल हे दुसरं शेल. हॅश मर्ज केलं तर वरची डिप्लॉयची नोंद अख्खीच्या अख्खी घेतली जाते आणि खालचा यूआयडी गायब! डीप केलं तर शेल वरचं येतं आणि यूआयडी खालचा टिकतो. म्हणून मी पहिल्याला 'वरवरची जुळणी' म्हणेन आणि दुसऱ्याला 'आतपर्यंतची जुळणी', शब्द वाचतानाच फरक कळतो, आणि ओव्हरराइडला 'वरची नोंद वरचढ' इतकं बास.

पद्धतींची ही नावं लूकअप ऑप्शन्समध्ये (कोणती सेटिंग कशी मर्ज करायची ते सांगणाऱ्या नोंदीत) लिहायची असतात, ती अर्थातच इंग्रजीच ठेवा, मराठी फक्त समजावण्यापुरतं. आणि डीपमध्ये खालच्या यादीतली एखादी नोंद नकोच असेल तर जो नॉकआउट प्रीफिक्स (नोंदीच्या आधी लावायची खूण) ठरवून लावतात, त्याला 'वगळखूण' म्हणता येईल, पण नॉकआउट जिभेवर बसलंय, ते राहू द्या.