पाच हंगामांच्या संघाचा इतिहास लिहिताना

चि.,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या पोर्टलंड मॅव्हेरिक्स या बेसबॉल संघावरचा तुझा मसुदा शेवटपर्यंत वाचला. माणसं छान उभी राहिली आहेत, वाचताना कुठे अडखळायला होत नाही. पण शेवटच्या पानावर तू लिहिलं आहेस, ‘१९७७ नंतर हा संघ बंद पडला.’ या एका वाक्याला माझी हरकत आहे. चालतं दुकान जागेच्या मालकाने उठवावं तसा हा संघ उठवला गेला, आणि तोही भरभराटीच्या वर्षी. हे का घडलं याचं उत्तर हाच तुझ्या लेखाचा कणा व्हायला हवा. आत्ता त्याला जेमतेम चार ओळी मिळाल्या आहेत.

आधी आपल्या मराठी वाचकाचा विचार कर. मायनर लीग म्हणजे खालच्या दर्जाची स्पर्धा, एवढंच तो धरून चालेल. पैसा असेल, खेळाडू असतील, तर कुणीही संघ काढावा आणि खेळावं, असंही त्याला वाटेल. तिथली व्यवस्था तशी नव्हती. ब्रँच रिकी यांनी १९२० च्या दशकात सेंट लुईस कार्डिनल्ससाठी छोट्या गावांतले संघ ताब्यात घेऊन तिथे खेळाडू घडवायला सुरुवात केली आणि बाकीच्या मोठ्या क्लबांनीही तोच मार्ग धरला. पुढे घरोघरी टेलिव्हिजन आला. १९४९ मध्ये ५९ मायनर लीग होत्या. पुढच्या पंधरा वर्षांत त्यातल्या बहुतेक मोडल्या. ज्या तगल्या, त्या मोठ्या क्लबांच्या पैशावर तगल्या. खेळाडूचा पगार वरचा क्लब देणार आणि हंगामाच्या ऐन मध्यावर तुमचा सर्वांत चांगला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, वर बोलावून घेणार. गावाने टाळ्या वाजवायच्या, निर्णय दुसऱ्या शहरात व्हायचे. हे दोन परिच्छेदांत नीट सांग, म्हणजे मॅव्हेरिक्सचं वेगळेपण तू विशेषणं न लावताही वाचकाला कळेल.

१९७२ चा हंगाम संपल्यावर पॅसिफिक कोस्ट लीग या वरच्या वर्गाच्या मायनर लीगमधला पोर्टलंड बीव्हर्स हा जुना संघ शहर सोडून स्पोकेनला गेला. प्रेक्षक येत नाहीत, या गावात बेसबॉल चालत नाही, असं जाणत्या लोकांचं मत झालं होतं. तेव्हा बिंग रसेल आले. हा टीव्हीवरच्या वेस्टर्न मालिकांतून शेरीफच्या मदतनिसाची भूमिका करणारा नट. लहानपण फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गला, सरावासाठी तिथे उतरणाऱ्या न्यूयॉर्क यँकीज या मोठ्या क्लबच्या खेळाडूंच्या मागेमागे फिरण्यात गेलेलं. त्यांनी पोर्टलंडमध्ये संघ चालवायचे हक्क ५०० डॉलरला घेतले. हा आकडा तू ओझरता दिला आहेस. तो ठळकपणे सांग, कारण पुढे त्याची गाठ दुसऱ्या एका आकड्याशी पडणार आहे.

मॅव्हेरिक्स नॉर्थवेस्ट लीग या खालच्या वर्गाच्या लीगमध्ये उतरले ते कुठल्याही मोठ्या क्लबशी करार न करता. खुल्या चाचणीला देशभरातून माणसं आली. त्यात दुसऱ्या क्लबांनी सोडून दिलेले होते, वय उलटलेले होते. बिंग यांचा मुलगा कर्ट रसेल, पुढे मोठा चित्रपट-नट झाला तो, पहिल्या हंगामात खेळला. जिम बाउटन हा यँकीजचा जुना पिचर. १९६३ मध्ये त्याने २१ सामने जिंकले होते आणि पुढे ड्रेसिंग रूममधल्या गोष्टी पुस्तकात लिहिल्या म्हणून बेसबॉलच्या मोठ्या लोकांचा रोष ओढवून घेतला होता. तो इथे येऊन पुन्हा चेंडू टाकू लागला आणि १९७८ मध्ये, ३९ व्या वर्षी, अटलांटा ब्रेव्हजकडून पुन्हा वरच्या पातळीवर खेळला. लॅनी मॉस या व्यावसायिक बेसबॉलमधल्या अगदी पहिल्या स्त्री जनरल मॅनेजर्सपैकी एक. त्यांना तू अर्ध्या वाक्यात उरकलं आहेस, ते मला खटकलं. तिकिटं, दौरे, पगार हे कोण सांभाळत होतं, याशिवाय संघाचा इतिहास पुरा होत नाही.

झाडूची गोष्ट मात्र राहू दे. मालिकेतले सगळे सामने जिंकले (इंग्रजीत याला ‘स्वीप’, म्हणजे झाडून घेणं, म्हणतात) की जो गार्झा झाडू घेऊन मैदानात नाचायचा, हे वाचताना मलाही आनंद झाला. च्युइंगमची गोष्टही राहू दे. राखीव पिचर्सच्या बाकावर बसून रॉब नेल्सन आणि बाउटन यांनी तंबाखूऐवजी बारीक कातरलेलं गम पुडीत भरून विकायची कल्पना काढली आणि १९८० पासून ते ‘बिग लीग च्यू’ नावाने दुकानांत मिळू लागलं. पण अशा किश्श्यांनी तुझी निम्मी पानं भरली आहेत. रसेल यांच्या नातवांनी २०१४ मध्ये या संघावर माहितीपट केला. त्याची ऊब तुझ्या लिखाणात उतरली आहे. माहितीपट प्रेमाने केलेला आहे आणि मलाही तो आवडतो, पण ती घरच्यांची साक्ष आहे. तुला बाहेरची साक्षही काढावी लागेल.

एक उदाहरण देतो. पाच हंगामांत चार वेळा मॅव्हेरिक्स आपल्या विभागात पहिले आले आणि तू त्याचं श्रेय जिद्दीला दिलं आहेस. जिद्द होतीच. पण समोरच्या संघांत बहुतेक अठरा-वीस वर्षांची, नुकतीच करारबद्ध झालेली पोरं होती आणि त्यांच्या क्लबांना त्या पातळीवर जिंकण्यापेक्षा मुलं तयार होण्यात जास्त रस होता. मॅव्हेरिक्सकडे मुरलेले खेळाडू होते आणि जिंकणं एवढंच काम होतं. हे लिहिल्याने संघ लहान होत नाही. उलट गावातल्या माणसाला काय मिळालं ते कळतं. त्याच्यासमोरचा संघ त्याच संध्याकाळचा सामना जिंकण्यासाठी खेळत होता.

१९७७ मध्ये ४४ विजय, २२ पराभव. घरच्या ३३ सामन्यांना १,२५,३०० प्रेक्षक, म्हणजे सामन्यामागे जवळपास ३,८००. इतक्या छोट्या हंगामाच्या लीगसाठी तो विक्रम होता. अंतिम मालिकेत बेलिंगहॅमकडून ते १–२ असे हरले, लीगचं विजेतेपद कधीच मिळालं नाही. तू तिथे बराच रेंगाळला आहेस. मी तिथून पटकन पुढे जाईन.

कारण खरा सामना त्यानंतरचा. पोर्टलंडला प्रेक्षक आहेत हे मॅव्हेरिक्सने दाखवून दिल्यावर पॅसिफिक कोस्ट लीगला १९७८ साठी ते शहर परत हवं झालं. बेसबॉलच्या नियमांनुसार वरच्या वर्गाची लीग खालच्या वर्गाच्या संघाचं क्षेत्र भरपाई देऊन घेऊ शकत होती. म्हणजे रसेल यांना नाही म्हणायची सोयच नव्हती, फक्त किंमत ठरायची होती. लीगने २६,००० डॉलर देऊ केले. रसेल यांनी २,०६,००० मागितले. प्रकरण लवादाकडे गेलं आणि रसेल यांनी मागितलेली रक्कम मंजूर झाली. ५०० डॉलरचा आकडा वाचकाच्या ध्यानात असेल तर इथे त्याला थांबावंच लागेल.

तू याला ‘अंतिम विजय’ म्हटलं आहेस. माझं मत वेगळं आहे. रसेल यांनी किंमत वाढवली, नियम जागच्या जागी राहिला. तो नियम कशावर उभा होता हे दाखव. १९२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून बाहेर ठेवलं. १९५३ मध्ये यँकीजच्या ताब्यातल्या मायनर लीग संघांमधला टूलसन नावाचा खेळाडू त्याविरुद्ध गेला आणि हरला. १९७२ मध्ये कर्ट फ्लड हा खेळाडूही तसाच हरला. बीव्हर्स पोर्टलंड सोडून गेले ते हेच वर्ष. १९९८ च्या कायद्याने मेजर लीगच्या खेळाडूंना थोडी मोकळीक मिळाली, मायनर लीग तशीच राहिली. २०२० नंतर मोठ्या क्लबांनी संलग्न संघ १६० वरून १२० केले, तेव्हा ऑरेगनमधल्या कायझर गावाचा व्होल्केनोज संघ बाहेर पडला आणि २०२१ मध्ये तिथेच काढलेल्या छोट्या स्वतंत्र लीगमध्ये मॅव्हेरिक्स हे नाव पुन्हा वापरलं गेलं. तू पोर्टलंडजवळच्या हिल्सबरोत हॉप्स या मायनर लीग संघाचे सामने बघतोस, तो संघ त्याच छाटणीतून वाचलेला. हे तुझ्या घराजवळचं आहे, म्हणून तुझ्याकडून यावं असं मला वाटतं.

१९७८ मध्ये बीव्हर्स या जुन्याच नावाने आलेल्या नव्या संघाचं पुढे काय झालं तेही दोन ओळींत घे. ज्यांच्यासाठी मॅव्हेरिक्सना उठवलं, ते १९९३ नंतर सॉल्ट लेक सिटीला गेले. त्याच नावाचा दुसरा संघ २००१ मध्ये आला आणि २०१० नंतर तोही गेला. हे संघ जिथे खेळायचे ते स्टेडियम आता फुटबॉलचं आहे.

कामाचं सांगतो. ऑरेगन हिस्टॉरिकल सोसायटीचं वाचनालय पोर्टलंडमध्येच आहे, रजा काढून जा. ‘ऑरेगोनियन’ आणि संध्याकाळचा ‘ऑरेगन जर्नल’ या दोन्ही वर्तमानपत्रांचे १९७२ च्या हिवाळ्यापासून १९७८ च्या वसंतापर्यंतचे अंक बघ, आणि खेळाच्या पानावर थांबू नकोस, शहराच्या बातम्याही वाच. स्टेडियम शहराच्या मालकीचं होतं, तेव्हा भाड्याचा व्यवहार महापालिकेच्या दप्तरात शोध. त्या काळचे कुणी प्रेक्षक भेटले तर त्यांना गमतीचा प्रसंग विचारू नकोस, तो ते आपणहून सांगतील. १९७८ मध्ये नवा संघ आल्यावर ते सामन्यांना जात राहिले का, हे विचार.

पुढच्या मसुद्यात लवादाचा निकाल, दोन्ही बाजूंनी काय मांडलं त्यासकट, निदान दोन पानं हवा. लॅनी मॉस यांना किती जागा द्यायची ते तू ठरव, पण अर्धं वाक्य नको. गणपतीच्या आधी पाठवलास तर सुट्टीत निवांत वाचेन.

कळावे,
तुझा काका