सभासदांनी आगाऊ पैसे भरून चालवलेल्या छोट्या शेतीवर रोजचा दिवस कसा असतो? आणि सभासद एकमेकांशी खरंच जोडले जातात का?

आधी दिवसाचं सांगतो, कारण दुसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे. मी अशाच एका मळ्यावर काम करतो. सभासद हंगामाच्या सुरुवातीला आपला वाटा भरतात आणि दर आठवड्याला मळ्यात जे निघेल त्यातला हिस्सा नेतात. पिकलं तर सगळ्यांचं, बुडलं तरी सगळ्यांचंच.

वाटपाच्या आदल्या संध्याकाळी वही घेऊन मळ्यात एक फेरी मारायची. कुठला वाफा काढायला आलाय, कुठला अजून चार दिवस थांबेल, हे टिपून ठेवायचं. सकाळी उजाडताच पालेभाज्या काढायच्या. ऊन चढल्यावर काढलेला पालक सावलीत नेईपर्यंत मान टाकतो. जुड्या पाण्यातून काढून निथळल्या की क्रेटमध्ये भरायच्या, वर ओलं गोणपाट. टोमॅटो दव वाळल्यावर. मग खुरपणी, ठिबकच्या तुंबलेल्या नळ्या धुणं, आणि ऊन कललं की रोपांची लावणी. शिवाय दहा-पंधरा दिवसांनी पालेभाजीचा एक नवा वाफा पेरायचाच. ती पेरणी राहिली की महिन्याभरानं वाटपात खड्डा पडतो. खरं सांगू का, कष्टापेक्षा हे वेळापत्रकच जास्त दमवतं.

आता माणसांचं. मेळावे, शिवारफेऱ्या जरूर करा, पण त्यात लोक पाहुण्यासारखे येतात आणि पाहुण्यासारखेच जातात. आमच्याकडे फरक पडला तो वाटपाच्या पद्धतीनं. भरलेली पिशवी हातात दिली की माणूस दोन मिनिटांत निघून जातो. आम्ही क्रेट मांडून ठेवतो आणि फळ्यावर लिहितो: पालक 1 जुडी, टोमॅटो अर्धा किलो. तराजू शेजारी. ज्यानं त्यानं आपलं वजन करून घ्यायचं. रांग लागते, आणि रांगेत बोलणं होतंच. ‘याचं तुम्ही काय करता?’ हा प्रश्न मी लांबूनही ओळखतो. शेवटी एक अदलाबदलीचं क्रेट असतं. आपल्याला नको ते त्यात टाका, हवं ते उचला. सगळ्यात जास्त गप्पा तिथंच.

दुसरी गोष्ट हिशेबाची. बियाणं, खत, मजुरी, दुरुस्ती आणि शेतकऱ्याचा स्वतःचा पगार (हा हमखास विसरला जातो) हे सगळं सभासदांसमोर मांडा. जर्मनीतल्या अशा बऱ्याच गटांत वर्षाचा खर्च समोर ठेवून प्रत्येक जण आपल्याला झेपेल तो आकडा चिठ्ठीवर लिहितो. बेरीज कमी पडली तर चिठ्ठ्या पुन्हा फिरतात. जपानमध्ये 1970च्या दशकात ‘तेइकेई’ या नावानं शेतकरी आणि ग्राहकांची थेट जोडणी सुरू झाली, तिच्या मुळाशीही हा विश्वासच होता. गारपीट झाली तर त्याच संध्याकाळी फोटोसकट कळवा. वाटा कमी आला म्हणून लोक फारसे चिडत नाहीत. आधी सांगितलं नाही म्हणून चिडतात.

श्रमदानाला बोलवणार असाल तर काम नीट निवडा. गाजराच्या वाफ्यात नवख्या माणसाला खुरपं देऊ नका. गाजर उगवायलाच दोन आठवडे घेतं, कोवळं रोप दिसतं गवतासारखं, आणि तणासोबत तेही उपटलं जातं. आच्छादन पसरणं, लसूण निवडणं, घेवड्याचं बी टोकणं ही कामं द्या. मुलांनाही जमतात आणि हात चालू असताना तोंडही चालतं.

तरी दर हंगामाला काही जण सोडून जातातच. भांडून जाणारे थोडे. बहुतेकांच्या फ्रिजमध्ये भाजी साचते, ती टाकताना वाईट वाटतं, आणि मग ते येणंच बंद करतात. म्हणून अर्ध्या वाट्याची सोय पहिल्या हंगामापासूनच ठेवा आणि लहान कुटुंबांना ती तुम्हीच सुचवा. ते स्वतःहून विचारत नाहीत.