काकड्यानंतरचा दिवस

प्रश्न : सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत मी चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाले आणि पाठोपाठ यजमान गेले. मुलगा-सून पुण्यात. पहाटे विठ्ठलाच्या देवळात काकड आरतीला जाते, तेवढा वेळ बरं वाटतं. घरी आलं की दिवस खायला उठतो. जुनी चित्रं कपाटामागे धूळ खात पडलीत. मैत्रिणी म्हणतात, प्रदर्शन भरव. पण आता कुणासाठी काढायचं?

उत्तर : ताई, प्रदर्शनाचं राहू द्या. हॉलचं भाडं, फ्रेमा, उद्घाटनाला पाहुणा, आणि नातेवाईक 'छान छान' म्हणत चहा पिऊन जातात. (अशा उद्घाटनांना पाहुणा म्हणून मीही मिरवलोय.)

दर गुरुवारी मी पेटी घेऊन इथल्या एका वृद्धाश्रमात जातो. गळा बेताचाच. तिथल्या एका आजोबांची अर्धांगवायूनं वाचा गेलीय, पाणी हवं असलं तरी खूण करतात. पण 'ज्ञानबा तुकाराम' सुरू झालं की शब्द न अडखळता बाहेर येतात. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की बोलणं जातं, गाणं मात्र पुष्कळदा शाबूत राहतं, असं डॉक्टर सांगतात. नामाचा महिमा की मेंदूची करामत, या वादात मी पडत नाही. भाता हलवत राहतो.

तुमच्या हातात तर चित्र आहे. वृद्धाश्रमात जाऊन शिकवायला मात्र लागू नका. शाळा सुटली आता. एखाद्या आजीशेजारी बसा आणि म्हणा, 'तुमचं माहेरचं घर सांगा, मी काढते.' तुम्ही उजवीकडे चूल काढाल, ती म्हणेल, 'अगं बाई, तिथं जातं होतं, चूल मागच्या पडवीत!' तुम्ही खोडाल, पुन्हा काढाल. कागद तिच्या उशाशी ठेवून या. त्याचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकायचा मोह तेवढा आवरा.

देवळात जायचं सोडा असं मी म्हणत नाही. पण गाडगेबाबांकडे बघा. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचे. श्रोत्यांना प्रश्न विचारून विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचे. आलेल्या पैशातून धर्मशाळा उभ्या राहिल्या. मुंबईत दादरच्या धर्मशाळेत कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक अजून मुक्कामाला असतात. कीर्तन, खराटा आणि भक्ती यांच्यासाठी त्यांनी वेगवेगळे वार ठरवले नव्हते.

एक वार मात्र तुम्ही नक्की करा आणि संस्थेच्या व्यवस्थापकांना आधी विचारून घ्या. जेवणानंतर म्हातारी माणसं लवंडतात, तेव्हा चारनंतरची वेळ बरी. कागद मोठा घ्या, पेन्सिल गडद, म्हणजे अंधुक दिसणाऱ्यांनाही रेघ कळेल. आणि खोडरबर दोन न्या, एक आजीच्या हातात लागेल.