अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) ब्लॅक, लॅटिनो मुलांना ऑनलाइन शिक्षण खरंच सोयीचं पडतं का?

‘सोयीचं’ हा शब्द वाचला आणि उत्तर लिहायला बसलो. सोय मुख्यतः कॉलेजची होते.

कॅलिफोर्नियापुरतं सांगतो. तिथे एका युनिटमागे (म्हणजे क्रेडिटमागे) वर्ग आणि गृहपाठ मिळून किमान ४८ तासांचं काम धरतात. ३ युनिटचा कोर्स म्हणजे १४४ तास. १६ आठवड्यांत आठवड्याला ९ तास, ८ आठवड्यांच्या कोर्सात १८. वेळापत्रकात मात्र वेळेच्या जागी नुसतं ‘ऑनलाइन’ लिहिलेलं असतं.

गोदामात रात्रपाळी करणाऱ्या एका लॅटिनो मुलाने असे ८ आठवड्यांचे तीन कोर्स एकदम घेतले. आठवड्याला अभ्यास ५४ तास, नोकरी ४०. लॅपटॉप बहिणीकडे, म्हणून कॅनव्हास या कॉलेजच्या ऑनलाइन वर्गाच्या साइटवरची क्विझ फोनवरून दिली. मध्येच नेट गेलं, घड्याळ चालूच राहिलं. २० टक्के सत्र संपायच्या आत कोर्स सोडला तर नोंद राहत नाही, पण ८ आठवड्यांत ती तारीख दुसऱ्याच आठवड्यात येते आणि मोठी परीक्षा त्यानंतर. त्याला दोन ‘डब्ल्यू’ लागले, म्हणजे कोर्स मध्येच सोडल्याचे शेरे. ९ पैकी ३ युनिट पूर्ण, म्हणजे ३३ टक्के. सरकारी मदत टिकवायला साधारण ६७ लागतात. यावर ‘पोरांना शिस्तच नाही’ म्हणणारे भेटतात, त्यांनी आधी हा हिशेब मांडून दाखवावा. कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये वॉशिंग्टन राज्यातले ४० हजारांवर विद्यार्थी तपासले. ऑनलाइनमध्ये सगळेच थोडे घसरले, ब्लॅक विद्यार्थी, मुलगे आणि आधीच कमी गुण असलेले जास्त. वर्गातली दरी पडद्यावर आणखी रुंदावते, एवढाच त्याचा अर्थ.

पहिल्या सत्रात एकच ऑनलाइन कोर्स घ्या, तोही १६ आठवड्यांचा. गणित वर्गात बसूनच करा. लॅपटॉप आणि हॉटस्पॉट उसने मिळतात का ते लायब्ररीत सत्राआधीच विचारा, नंतर शिल्लक राहत नाहीत. पहिल्याच आठवड्यात काहीतरी जमा करा. नुसतं लॉगिन हजेरीत धरत नाहीत, नाव कापलं जातं.

दोन लहान मुलं असलेल्या आईला रात्री दहानंतरचाच वर्ग जमतो, हे मान्य. तिने ऑनलाइनच घ्यावं, फक्त तास मोजून. आणि तुम्ही स्वतः एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल, तर पूर्णवेळेच्या १२ युनिटमध्ये ऑनलाइनचे ३ च धरतात. एच-४ ला, म्हणजे एच-१बी नोकरदाराच्या जोडीदार-मुलांच्या व्हिसाला, ही अट नाही.