वाचक विचारतात : चित्रकथेतली समलिंगी पात्रं

प्रश्न : आमच्या ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे सर्वांत लहान दर्जाच्या, सार्वजनिक वाचनालयाला इंग्रजी कॉमिक्सचा गठ्ठा देणगीत मिळाला. त्यात सुपरमॅनचा पोरगा दुसऱ्या पोराचा मुका घेतो. कार्यकारिणी म्हणते, हे आताचं खूळ आहे, काढून टाका. काय करावं? (ग्रंथपाल, दर्यापूर तालुका)

उत्तर : पात्रं आताची नाहीत, जुनी होती ती बंदी. १९५४ साली अमेरिकेतल्या प्रकाशकांनी ‘कॉमिक्स कोड’ नावाची नियमावली स्वतःवरच लादून घेतली. तिच्यात ‘लैंगिक विकृती’ दाखवायला तर मनाई होतीच, पण ती सुचवायलाही होती, आणि समलिंगी प्रेम त्यातच धरलं जाई. हे कलम १९८९ साली सैल झालं. मार्व्हल या प्रकाशनाचा नॉर्थस्टार हा नायक १९७९ पासून छापला जात होता. तो समलिंगी आहे हे आपण आधीच ठरवलं होतं, असं त्याचे जनक जॉन बर्न यांनी पुढे सांगितलं. पण त्याच्या तोंडून ते यायला १९९२ चा ‘अल्फा फ्लाइट’ या मालिकेचा १०६ वा अंक उजाडावा लागला. तब्बल १३ वर्षं!

तुमच्या गठ्ठ्यातला पोरगा म्हणजे जॉन केंट, आणि तो अंक नोव्हेंबर २०२१ चा. प्रकरण मुक्यापुढे जात नाही. पुस्तकं वर्गवार लावायच्या ड्युई पद्धतीत कॉमिक्सचा क्रमांक ७४१.५ आहे, त्याखाली नोंदवा आणि ठेवून द्या. कायद्याचा धाक कोणी घातलाच, तर प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी गुन्ह्यातून वगळले, एवढं सांगा. मात्र अ‍ॅलिसन बेक्डेल यांचं ‘फन होम’ (२००६) किंवा अमृता पाटील यांचं ‘कारी’ (२००८) कधी आलं, तर ते मोठ्यांच्या कपाटात. पहिल्यात नग्नता आहे. दुसऱ्याची सुरुवातच दोन मैत्रिणी जीव द्यायला इमारतींवरून उड्या घेतात तिथून होते.

प्रश्न : कापूस वेचणाऱ्या दोघींच्या प्रेमावर १६ पानांची चित्रकथा काढतेय. मैत्रिणी म्हणतात, ‘या तर नुसत्या मैत्रिणी वाटतात’. म्हणून एकीच्या तोंडी ‘मी समलिंगी आहे’ घातलं, तर ते भाषणासारखं वाटतं. (आर्णी, जि. यवतमाळ)

उत्तर : ते वाक्य खोडा. वेचणीच्या ओळीत उभी असलेली बाई असं बोलत नाही. कळत नाही याचं कारण वेगळं आहे : तुमच्या दोघी एकमेकींकडे बघतात, पण एकमेकींसाठी काही करत नाहीत.

वेचणीची मजुरी किलोवर मिळते, तिचाच उपयोग करा. पहिली चौकट, दोघी शेजारशेजारच्या तासात, म्हणजे कपाशीच्या ओळीत. दुसरी, एकीचं तास सरलं, ती धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पोचली. तिसऱ्या चौकटीत ती पाणी प्यायला जात नाही, मैत्रिणीच्या तासात समोरून वेचत येते. चौथीत दोघींचे हात एकाच झाडाच्या बोंडांवर, चेहरे नकोतच. पाचवीत वजनकाटा : वेचलेला कापूस ती दुसरीच्या गाठोड्यात ओतते. स्वतःच्या मजुरीचे किलो देऊन टाकणारी बाई वाचकाला बरोबर कळते. संवादाच्या फुग्यात फक्त ‘माहं तास सरलं’ एवढंच, आणि ते वऱ्हाडीतच. पुणेरी बोलल्या तर दोघी कापसात उभ्या राहिलेल्या पाहुण्या वाटतील.

पण नुसत्या आडून सुचवण्यावर १६ पानं भागत नाहीत. नियमाची नजर चुकवून आडून सुचवणं ही ‘कॉमिक्स कोड’च्या काळातली मजबुरी होती, तुमच्यावर ती नाही. एकदा तरी उघड दाखवा, आणि ते डाव्या, म्हणजे सम क्रमांकाच्या पानावर : पान उलटल्यावरच दिसेल. उजव्या पानावर ठेवलं तर समोरचं पान वाचतानाच डोळा तिकडे जातो आणि फुसका बार होतो.

आणखी एक. प्रेम सोडून दोघींना काहीतरी येऊ द्या. आर्ची कॉमिक्सनं २०१० मध्ये केव्हिन केलर हा समलिंगी पोरगा आणला, तो पहिल्याच कथेत बर्गर खाण्याच्या पैजेत खादाड जगहेडला हरवतो. वाचकाला आधी तो खाणारा म्हणून आवडतो. आणि शेवटी एकीला विहिरीत ढकलू नका. तो शेवट फार वेळा काढून झालाय.

प्रश्न : उभयलिंगी (मुलगा-मुलगी दोघंही आवडणारं) पात्र कसं ओळखू येणार? ते एका वेळी एकासोबतच असतं ना! (हिंगणघाट)

उत्तर : जोडीदार बदलला म्हणून पात्र बदलत नाही, हे लक्षात ठेवलं की झालं. बॅटमनचा साथीदार रॉबिन झालेला टिम ड्रेक २०२१ मध्ये एका मुलासोबत फिरायला जायला ‘हो’ म्हणतो. त्याआधीचं त्याचं मुलींवरचं प्रेम त्यामुळे खोटं ठरत नाही. जुन्या प्रेमाचा उल्लेख एका फुग्यात, सहज येऊ द्या. ‘कोण ते ठरव एकदाचं’ हे वाक्य कथेत कोणाच्या तोंडी असेल, तर त्याला उत्तरही तिथेच मिळालं पाहिजे.

प्रश्न : झेरॉक्सवर १६ पानांचं पुस्तक काढलं, पानं उलटसुलट लागली आणि अक्षरं पुसट आली. (आर्णीच्याच)

उत्तर : ए-४ चे ४ कागद आडवे धरा. पहिल्यावर पुढे १६ आणि १, मागे २ आणि १५. दुसऱ्यावर १४–३, मागे ४–१३. तिसऱ्यावर १२–५, मागे ६–११. चौथ्यावर १०–७, मागे ८–९. मागची बाजू उलटी येऊ नये म्हणून आधी नुसते आकडे टाकून एक कोरी प्रत काढून बघा.

चहूबाजूंनी १ सेंटिमीटर मोकळं सोडा, मशीन कडा खातं. पेन्सिलीची छटा डागासारखी उमटते, ०.५ मिलिमीटरचं काळं पेन वापरा. आधी मजकूर लिहा, मग भोवती फुगा काढा. वेलांटी-उकारांना वरखाली जागा लागते, नाहीतर मात्रा फुग्याच्या रेषेत घुसतात.

साधा स्टेपलर मधोमध पोचत नाही. दाभणानं घडीवर ३ भोकं पाडा, एक मध्ये, दोन त्याच्या दोन्ही बाजूंना ५ सेंटिमीटरवर. दोरा मधल्या भोकातून आतून बाहेर, वरच्यातून आत, खालच्यातून बाहेर आणि पुन्हा मधल्यातून आत. गाठ आतल्या लांब टाक्यावर मारा.