बांधाची वर्गणी आणि मानशीचा लिलाव

प्रश्न : सर, कुंभारजुवे कालव्याच्या काठी आमचे खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेले शेत आहे. वाटेकरी 42. पावसाळ्याआधी बांधाच्या डागडुजीसाठी प्रत्येकी 1,500 रुपये काढायचे ठरले. 17 जणांनी दिलेच नाहीत. बांध आम्ही भरला आणि त्यांची शेतेही वाचली. आता पैसे देणारेच विचारतात, यंदा आम्ही तरी का द्यायचे? बारावीतली मुलगी म्हणते, हा अर्थशास्त्रातला फुकट्यांचा प्रश्न. यावर काही उपाय आहे का? — एक वाचक, तिसवाडी, गोवा

उत्तर : मुलीने बरोबर ओळखले. बांधामुळे तुमचे शेत वाचले म्हणून शेजाऱ्याचे कमी वाचत नाही, आणि वर्गणी न देणाऱ्याच्या तुकड्यात तेवढे खारे पाणी सोडता येत नाही. हे दोन्ही जिथे लागू पडते, तिला सार्वजनिक वस्तू म्हणतात. अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएलसन यांनी 1954 मध्ये तिची गणिती मांडणी केली. पण त्याच्या दोनशे वर्षे आधी, 1740 मध्ये, तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी सामाईक कुरणाचे उदाहरण दिले होते. कुरणात साचलेले पाणी काढायला दोन शेजारी सहज एकत्र येतात, कारण एकाने अंग काढले की काम बुडाले हे दोघांनाही दिसते. हजार जण येत नाहीत. जो तो भार दुसऱ्यावर ढकलतो. वर्गात हे शिकवताना माझ्या डोळ्यांपुढे कुरण कधी आले नाही, आमचे खाजनच यायचे.

माझे वडील अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला रात्री कंदील घेऊन बांधावर जायचे. कुर्ल्यांनी पोखरलेल्या बिळातून पाण्याची बारीक धार दिसली, की तिथल्या तिथे चिखल-पेंढा दाबायचे. एका वर्षी दुसऱ्या टोकाचे बीळ कोणीच पाहिले नाही. सकाळी शेताची खाडी झाली होती. मीठ धुऊन जायला दोन पावसाळे लागले. तोवर घरात विकतचा तांदूळ शिजला, आणि आईला त्याची फार खंत वाटायची.

जुन्या लोकांना हे इतकी शतके कसे जमले? ते आपल्याहून भले होते, असे मी मानत नाही. त्यांनी गाठ चांगली मारली होती. मानस म्हणजे बांधातली पाण्याची वाट. तिची लाकडी दारे भरतीला आपोआप मिटतात, ओहोटीला, म्हणजे सुकतीला, उघडतात. तिथे जाळे लावले की मासळी मिळते. ही मासळी बांधासारखी नाही. ती एकाने धरली की दुसऱ्याला उरत नाही, आणि हक्क नसलेल्याला तिथून हटकता येते. म्हणून तिचा लिलाव होतो. गावकारीच्या, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीचा कारभार पाहणाऱ्या कोमुनिदादच्या व्यवस्थेत या उत्पन्नाचा बांधाला आधार असे. ज्याची किंमत वसूल करता येत नाही, त्याचा खर्च वसूल करता येणाऱ्या वस्तूतून निघत होता.

1964 चा कूळ कायदा आणि नंतरच्या दुरुस्त्यांनी जमीन कसणाऱ्याला हक्क मिळाला. ते योग्यच झाले, माझे वडीलही कूळच होते. पण आमच्या शेतात त्यानंतर मानशीचे पैसे वाटून घ्यायची पद्धत पडली आणि बांधासाठी वेगळी वर्गणी सुरू झाली. गाठ सुटली ती तिथे.

तुम्ही मानशीबद्दल काहीच लिहिलेले नाही. तिचे पैसे 42 जणांत वाटले जात असतील, तर आधी ते वाटप थांबवा. बांधाचा खर्च वजा करा, उरेल ते वाटा. मग कोणाच्या दारात वर्गणीसाठी जावे लागणार नाही. फक्त लिलावाच्या अटी कडक ठेवा. जास्त मासळीच्या लोभाने खारे पाणी आत घेणारे ठेकेदार मी पाहिले आहेत. अनामत रक्कम घ्या आणि दारांवर देखरेख शेतकऱ्याचीच ठेवा.

त्या 17 जणांना एकाच मापाने मोजू नका. जो पीक घेतो आणि पैसे देत नाही, तो फुकट्या. जो बोटीवर किंवा परदेशात आहे आणि ज्याचे शेत पडीक आहे, त्याला बांधातून आज काय मिळते? दुसऱ्याला कसायला दिले तर कूळ लागेल, ही त्याची भीती खरी आहे. वकिलाकडून मुदतीचा लेखी करार करून घ्या. कसणारा मिळाला की त्याच्याकडून बांधाचा वाटाही येईल. ज्याच्यापाशी खरोखर पैसे नाहीत, त्याने दोन दिवस बांधावर चिखल घालावा.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातले पाण्याचे पाट आणि मच्छीमारीच्या जागा अभ्यासल्या. 2009 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. वापरणाऱ्यांनीच नियम केले, नजर त्यांचीच राहिली आणि दंड लहानापासून वाढत गेला, तिथे सामाईक गोष्टी टिकल्या असे त्यांना आढळले. तेव्हा पहिल्या चुकीला कोणाला वाळीत टाकू नका. 100 रुपये दंड लावा, पण तो सगळ्यांसमोर वहीत लिहा.

बैठक मानशीच्या लिलावाआधी घ्या. लिलाव झाला की आणखी एक वर्ष गेले. मुलीलाही बरोबर न्या, गेल्या वर्षीचा हिशेब तिलाच वाचू द्या.