धोंड कोण लोटील?

ठाणे
ईस्टरनंतरचा दुसरा आठवडा

प्रिय बाळा,

तुझं पत्र मिळालं. तू आडपडदा न ठेवता विचारलंस, म्हणून मीही तसंच लिहिते. रविवारी पहाटे कबरस्थानात उभं राहून पाळकसाहेबांनी "प्रभू उठला आहे" म्हटलं, आपण सगळ्यांनी "खरोखर उठला आहे" म्हणून उत्तर दिलं. सोमवारी रात्री तू ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून ड्युटीवर गेलास, तर आयसीयूत तेच मॉनिटर, तेच सक्शन, आणि पहाटे चारच्या सुमाराला एक पेशंट गेला. "मावशी, मग बदललं काय?" असं तू विचारतोस.

त्या पहिल्या ईस्टरच्या रविवारी येशूच्या कबरेकडे कोण निघालं होतं ते आठव. मार्कने आपल्या शुभवर्तमानात नावं दिली आहेत: मग्दालीया मरिया, याकोबाची आई मरिया आणि सलोमे. पुनरुत्थान बघायला त्या निघाल्या नव्हत्या, तसं काही त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत, शब्बाथ म्हणजे यहुद्यांचा विसाव्याचा दिवस लागायच्या आत, घाईघाईने पुरलेल्या देहाला सुगंधी द्रव्यं लावायची म्हणून त्या निघाल्या. म्हणजे तू वॉर्डात ज्याला डेड बॉडी केअर म्हणतोस, त्याच कामाला. नळ्या काढायच्या, अंग पुसायचं, डोळे मिटवायचे, हनुवटी बांधायची, चादर सारखी करायची. मी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात शिकले, तेव्हा आमच्या सिस्टर हे काम आमच्याकडून अगदी हळू करून घ्यायच्या. माणूस गेला म्हणून हात घाईचे होता कामा नयेत, एवढंच त्या सांगायच्या.

आणि वाटेत त्या बायका एकमेकींना विचारत होत्या की कबरेच्या तोंडावरची धोंड आपल्यासाठी कोण लोटील? तिघींना ती हलणार नव्हती. दुसरी काही सोयही केलेली नव्हती. तरी त्या द्रव्यं घेऊन चालत राहिल्या. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथेच दिसतं. ईस्टरची बातमी मिळायच्या आधीच त्या प्रेमाने कामाला लागलेल्या होत्या, आणि त्या बातमीने त्यांना त्या कामाच्या वाटेवरच गाठलं. त्या काळी बायकांच्या साक्षीला न्यायासनासमोर फारसं वजन नव्हतं. लूकने तर लिहूनच ठेवलंय की प्रेषितांनाही त्यांचं बोलणं बरळल्यासारखं वाटलं. कुणी ही गोष्ट रचली असती, तर असे साक्षीदार पुढे केले नसते. हा मुद्दा अनेक अभ्यासकांनी मांडला आहे आणि मला तो पटतो.

आता राहिलेलं अर्धं उत्तर. आपल्याकडे मयताला गेलं की "सुटला एकदाचा" असं सहज तोंडून निघतं, आपल्या चर्चच्या मंडळीतही. फार सोसलेल्या माणसाबद्दल लोक ते मायेनेच म्हणतात, त्यांना टोकायला जाऊ नकोस. पण आपला विश्वास तिथे थांबत नाही. देह म्हणजे तुरुंग आणि मरण म्हणजे सुटका, असं शुभवर्तमान म्हणत नाही. उठलेल्या प्रभूने काय केलं बघ. शिष्य घाबरले, त्यांना भूत वाटलं, तेव्हा त्याने खायला मागितलं आणि त्यांच्यासमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला. तिबिर्याच्या समुद्राकाठी रात्रभर जाळी टाकून दमून आलेल्यांसाठी त्याने आधीच कोळसे पेटवून मासे भाजत ठेवले होते, भाकरी होती, आणि तो म्हणाला, "या, न्याहारी करा." चेंदणी कोळीवाड्यात वाढलेल्या तुला त्या पहाटेचा वास कसा असेल ते मी सांगायला नको. मरण जिंकून आलेला देवाचा पुत्र रात्रपाळी करून आलेल्यांना न्याहारी वाढतो. ज्याच्या देवाने हे केलं, त्याला अंग पुसणं, तोंड स्वच्छ करणं, दर दोन तासांनी कूस बदलणं हे हलकं काम कसं वाटेल? बेडसोअर होऊ नये म्हणून तू पहाटे तीनला ज्या पाठीखाली हात घालतोस, ती पाठ देवाने टाकून द्यायला केलेली नाही. तो पेशंट सकाळपर्यंत जगला नाही तरीही.

आणि जखमा. हे मी मुद्दाम वेगळं लिहिते, कारण तुझ्या पत्रात सगळ्यांत दुखरी ओळ वडिलांबद्दलची होती. उठलेल्या देहावर खिळ्यांचे व्रण तसेच होते, भाल्याने भोसकलेली कूसही तशीच. थोमाला त्याने ते दाखवले, झाकले नाहीत. वधस्तंभावरचा शुक्रवार देवाने पुसून टाकला नाही. म्हणून 2021 च्या त्या एप्रिलमध्ये तू स्वतः पीपीई किट घालून दुसऱ्यांच्या वडिलांजवळ उभा होतास आणि तुझे वडील दुसऱ्या हॉस्पिटलात एकटे गेले, हे तू विसरावंस असं मी कधीच म्हणणार नाही. विश्वास वाढला की हे दुखायचं थांबेल, असं तुला कुणी सांगितलं असेल तर ते मनातून काढ. मेलेल्या लाजराला आपण थोड्याच वेळात उठवणार आहोत हे प्रभूला ठाऊक होतं, तरी लाजराच्या बहिणीला, मरियेला, रडताना बघून तो रडला. प्रेषित पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलं, ते आशा नसलेल्यांसारखा खेद करू नका असं. खेदच करू नका, असं त्याने लिहिलं नाही. आशा असलेला माणूस उलट मोकळेपणाने रडू शकतो, कारण रडण्याने काही बुडणार नाही हे त्याला माहीत असतं.

आजीचं कळलं. कोविडमुळे बाबांना माती देता आली नाही, विद्युतदाहिनीत न्यावं लागलं, आबांच्या शेजारची जागा रिकामीच राहिली, आणि आता ती विचारते की राख झालेला माझा मुलगा उठेल कसा? तिला हसू नकोस, आणि "तसं काही नसतं गं" म्हणून गप्पही करू नकोस. हा प्रश्न फार जुना आहे. 177 साली, आजच्या फ्रान्समधल्या ल्यों शहरात, ख्रिस्ती लोकांचा छळ झाला. नव्वदी ओलांडलेला बिशप पोथिनस त्यात गेला, ब्लांदिना नावाची दासी गेली. मारणाऱ्यांनी प्रेतं सहा दिवस उघड्यावर ठेवली, मग जाळली आणि राख ऱ्होन नदीत लोटून दिली. त्यांना पुनरुत्थानाची आशाच उरू नये, हा त्यामागचा हेतू होता. वाचलेल्या मंडळीने हे सगळं आजच्या तुर्कस्तानातल्या आशिया आणि फ्रुगिया या प्रांतांतल्या मंडळ्यांना पत्राने कळवलं, आणि युसेबियसने लिहिलेल्या चर्चच्या इतिहासात ते पत्र आजही वाचायला मिळतं. ती मंडळी राखेमुळे विश्वास सोडून बसली नाही. ज्याने मातीतून माणूस घडवला, त्याला नदी अडवत नाही, विद्युतदाहिनीही नाही.

आपल्या ठाण्यातही 1321 मध्ये चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. जॉर्डन नावाच्या डॉमिनिकन साधूने त्यांना सोपाऱ्याला माती दिली, आणि पुढे ओदोरिक नावाचा प्रवासी त्यांची हाडं गलबताने पार चीनपर्यंत घेऊन गेला. देहाचा मान आपल्या लोकांनी नेहमी असा राखला. पण हाडं ठाण्यात आहेत की चीनमध्ये, यावर त्यांचं उठणं अवलंबून आहे असं कुणी मानलं नाही. कॅथलिक चर्चनेही 1963 मध्ये दहनाला मुभा दिली, हे तुमच्या शेजारच्या फर्नांडिस आजींना ठाऊक असेल, त्यांच्याकडून आजीला ऐकू दे. समवयस्क बाईने सांगितलेलं लवकर पटतं.

करिंथच्या मंडळीतलं कुणीतरी हेच विचारील, हे पौलाने आधीच ओळखलं होतं, मेलेले कसे उठतात, कसल्या शरीराने येतात? त्याने पेरणीचं उदाहरण दिलं. आपण पेरतो तो नुसता दाणा, वर येतं ते रोप. दाणा तोच, पण रूप असं की दाण्याकडे बघून ओळखता येऊ नये. तुझ्या मैत्रिणीने "म्हणजे तुमचा पुनर्जन्मावर विश्वास आहे का?" असं विचारलंय, तिलाही हेच सांग. दुसऱ्या जन्मात दुसरं कुणी होऊन येणं आपण मानत नाही. तुझे बाबा तुझे बाबाच राहतील, नावानिशी. कबरेपाशी मग्दालीया मरियेला प्रभू ओळखू आला नाही, माळीच वाटला, पण त्याने "मरिये" म्हटल्यावर तिने ओळखलं. मैत्रिणीशी वाद मात्र घालू नकोस. तिने आपुलकीने विचारलंय, तूही तसंच सांग आणि तिचं ऐकून घे.

आता तुझ्या पत्रातली एक ओळ मला काळजीची वाटली. "मरायची भीती नाही म्हटल्यावर स्वतःला इतकं का जपायचं?" असं लिहिलंयस. सलग नाइट घेतोस, जेवणाचा डबा तसाच परत आणतोस, हे तुझ्या आईकडून कळलं आहे. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात साथ आली. लोक आजारी नातेवाइकांना रस्त्यावर टाकून पळत होते, तेव्हा तिथल्या ख्रिस्ती लोकांनी रोग्यांची शुश्रूषा केली. गेलेल्यांचे डोळे आणि तोंड त्यांनी मिटवलं, त्यांना अंघोळ घातली, खांद्यावरून नेलं, आणि त्यांच्यातले पुष्कळ जण मागोमाग गेले. बिशप दियोनिसियसच्या पत्रात हे आलं आहे. ते वाचून माझा ऊर आजही भरून येतो. पण त्यांनी मरण शोधलं नाही, माणसाजवळ राहण्याची किंमत म्हणून ते पत्करलं. तुझ्याकडे मास्क आहे, ग्लोव्ह्ज आहेत, लस आहे. ते वापर. देह देवाला मोलाचा आहे असं मी तीन पानं लिहिते आहे, त्या देहांत तुझाही आला. डबा खा. आठवड्याची सुट्टी झोपून काढलीस तरी प्रभू रागावणार नाही.

तू विचारलं नाहीस, तरी कामाच्या निष्फळतेबद्दल लिहिते, कारण आयसीयूत दोन-तीन वर्षं काढली की तो विचार येतोच. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात अठ्ठावन्न वचनं आहेत. सत्तावन्न वचनं पौल आदाम, ख्रिस्त, शेवटचा कर्णा, मरणाची नांगी यांवर बोलतो. आणि शेवटच्या वचनात एकदम खाली उतरून म्हणतो, म्हणून कामाला लागा, प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. एवढ्या उंचीवरून तो थेट ड्युटीवर येतो. पंडिता रमाबाईंकडे बघ. केडगावला मुक्ती मिशनमध्ये त्या मराठी बायबलचं भाषांतर करत होत्या, त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि तिथल्या बायकाच छपाईचे खिळे जुळवून ते छापत होत्या. 1921 मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली. आपल्यामागे हिने मिशन सांभाळावं असं त्यांना वाटत होतं. रमाबाईंचीही तब्येत तोपर्यंत ढासळलेली होती, तरी त्यांनी भाषांतर सोडलं नाही, ते पुरं करून 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. छापलेलं संपूर्ण बायबल त्यांनी हातात धरलं नाही. लेकीची कबर डोळ्यांसमोर असताना ते काम पुरं करताना त्यांना काय वाटलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते.

नातेवाइकांशी काय बोलावं, हेही तू विचारलंयस. "सगळं ठीक होईल" म्हणू नकोस, ते तुझ्या हातात नाही आणि त्यांना ते कळतं. "मी रात्रभर इथेच आहे" म्हण. पेशंटचं नाव घेऊन बोल, बेड नंबरने नको. तो बेशुद्ध असला तरी कूस बदलण्याआधी त्याला सांग. गेल्यावर पडदा ओढ, आणि नातेवाइकांना घाई करू नकोस. वॉर्डबॉय ट्रॉली घेऊन आला असेल तर त्याला पाच मिनिटं थांबायला सांग. कुणी विचारलंच की ब्रदर, तुम्ही एवढं का करता, तर तुझ्या विश्वासाबद्दल दोन वाक्यांत सांग. कुणी विचारलं नाही, तर काम कर.

रविवारी ड्युटी लागते म्हणून उपासना चुकते, याची रुखरुख नको. आठवड्याचा पहिला दिवस प्रभूच्या उठण्याचा म्हणून मंडळीने धरला, तेव्हा वर्षातून एकच ईस्टर असतो असं समजू नकोस. संध्याकाळची उपासना असते, बुधवारची प्रार्थनासभा असते. पेंटेकॉस्टपर्यंतचे, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंतचे पन्नास दिवस आपल्याच आनंदाचे आहेत.

मी येत्या बुधवारी दुपारी तुमच्याकडे येते. आजीला पंधरावा अध्याय मोठ्या अक्षरांच्या बायबलमधून वाचून दाखवायचा आहे, पस्तिसाव्या वचनापासून पुढे, थांबत थांबत. बाबांच्या राखेचा कलश अजून घरातच आहे असं आई म्हणाली. आबांच्या कबरीत तो पुरता येईल का, ते पाळकसाहेबांना आणि कबरस्थानाच्या समितीला विचारून ठेव. परवानगी मिळाली तर आजी चालू शकते आहे तोवर, पाऊस लागायच्या आधी, हे करून घेऊ. दगडावर बाबांचं नाव घालायचं, तर अक्षरं कशी हवीत ते आजीनेच ठरवावं. त्या दिवशीची रजा आत्ताच टाक.

तुझी,
मावशी